एका वाक्यापुरती परभाषा
चिरंजीव वैद्यकीच्या शिक्षणासाठी अकोल्याहून फिलिपाईन्समध्ये मनिला शहरी गेले, तेव्हा टागालोग भाषेचे चार शब्द आम्हीही घरी गिरविले. ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, ‘मुखा’ म्हणजे चेहरा. संस्कृताने समुद्र केव्हाच ओलांडला होता! वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्यात ‘पो’ घालावा लागतो, जसे आपले ‘अहो’.

सौभाग्यवतींनी मात्र एकच वाक्य पाठ केले आणि फोनवर घरमालकिणीस विचारले, ‘कुमाइन ना पो बा सिया?’ तो जेवला का? ‘हिंदी पा,’ उत्तर आले. बाईंना हिंदी येते, या आनंदात सौभाग्यवतींनी आपल्या वऱ्हाडी हिंदीचा धबधबाच सोडला.

टागालोगमध्ये ‘हिंदी’ म्हणजे ‘नाही’. ‘हिंदी पा’ म्हणजे ‘अजून नाही’. आपल्याकडे तेव्हा साडेसात झाले होते. तिकडे रात्रीचे दहा. आम्ही अर्थ सांगितला नाही.