पदवीनंतरची वाट

रेणापूर परिसरातील घरांना भेटी देताना कन्येचे पदवीदानाचे छायाचित्र आम्हांस कौतुकाने दाखविले जाते. ‘लातूर पॅटर्न’च्या या जिल्ह्यात मुलगी अभियंता होणे आता नवलाचे राहिलेले नाही. पदवीनंतर काय, असे विचारले की मात्र नोकरी आणि लग्न या दोनच वाटा सांगितल्या जातात. संशोधनाची तिसरी वाट सहसा कोणाच्या ओठी येत नाही.

ती वाट नवी नव्हे. शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे त्या अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात शिकल्या. पती अनिरुद्ध यांच्यासह त्यांनी पोलादी सुटे भाग जोडून पूल उभारण्याची पद्धत विकसित केली. वडील स्वतः पूल बांधणारे अभियंते आणि पती सहकारी. घराची अशी साथ त्यांच्या बुद्धिमत्तेस लाभली.

आज तर जगच मराठवाड्याच्या दारी आले आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे नेमके ठरविण्यासाठी अमेरिकेतील दोन वेधशाळांना हा दूरचा जोडीदार हवा आहे. निर्वात नळ्या, लेसर, आरशांना कंपापासून जपणारी टांगणी ही सारी अभियंत्यांचीच कामे होत.

अशी भागीदारी केवळ करारांवर चालत नाही. ती माणसांच्या परस्परविश्वासावर उभी राहते. त्यासाठी रात्री-अपरात्री परदेशातील सहकाऱ्यांशी बोलावे लागते, परिषदांना एकटीने जावे लागते, कधी महिनोन्‌महिने दूर राहावे लागते. एका पित्याने आम्हांस विचारले, “फादर, पोरगी एकटी परदेशी गेली तर सोयरिकीचं कसं?” त्यांची काळजी खोटी नव्हती. परंतु मुलाविषयी हा प्रश्न आम्हांस आजवर कोणी विचारलेला नाही.

संसारामुळे खंड पडलेल्या स्त्रियांना पुन्हा संशोधनाकडे आणण्यासाठी शासनाची ‘वाइज-किरण’ योजना आहे. तथापि नातवंड सांभाळणारी सासू, पारपत्राच्या कागदांसाठी हेलपाटे घालणारा भाऊ आणि रात्रीच्या कामास नाके न मुरडणारे शेजारी कोणतीही योजना देऊ शकत नाही. ते आपणच द्यावयाचे आहे.