रेंज गेलेली बाजू

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्ग किनाऱ्याला घासून गेलं. विजेचे खांब आडवे झाले, लाईट गेली, मोबाइलचे टॉवर मुके झाले. तोंडवली-तळाशीलची चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. तिथल्या घरी मुंबईहून फोन लावणाऱ्याला एवढंच कळत होतं की पलीकडून उत्तर नाही. घर पडलं असेल, फोनची बॅटरी संपली असेल, किंवा माणसं धडधाकट अंगणातल्या झावळ्या ओढत असतील आणि फक्त रेंज नसेल. उत्तर न येण्यावरून यातलं खरं काय ते ठरवता येत नाही. वितरित संगणकप्रणालींवर संशोधन करणाऱ्या आम्हां मंडळींचं आयुष्य याच एका अडचणीभोवती फिरतं: गप्प झालेलं यंत्र मेलंय की नुसतं रखडलंय? फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ साली सिद्ध केलं की निरोप कधी पोचेल याची हमी नसेल, तर एक यंत्र बंद पडण्याची नुसती शक्यतासुद्धा घात करायला पुरते: बाकीच्यांचं एकमत होईलच अशी खात्री ठरावीक नियमांची कोणतीही रीत देऊ शकत नाही. ती सिद्धता मला आजही या क्षेत्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते, आणि ती फळ्यावर मांडताना होणाऱ्या आनंदात बरंचसं मिरवणं असतं हेही मान्य करतो. तौक्तेनंतर मात्र मी तिच्याकडे तुटलेल्या बाजूने पाहू लागलो.

व्यवहारी माणूस म्हणेल, सिद्धता कागदावर राहू दे, टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट पाहून यंत्र मेलं समजायचं ती मुदत, नीट लावा म्हणजे झालं. पण नीट म्हणजे किती? २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या अमेरिकेतील पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राचा संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. देखरेखीच्या यंत्रणेने तेवढ्यात डेटाबेसचा कारभार पश्चिम किनाऱ्याच्या हाती दिला. पूर्वेकडच्या शेवटच्या काही नोंदी मात्र पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. दोन्ही किनाऱ्यांवर दोन वेगळ्या वह्या तयार झाल्या, आणि त्या जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं गेली. उलट, २४ फेब्रुवारी २०२१ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या दूरसंचार जोडण्या एकाच वेळी डळमळल्या. ११ वाजून ४० मिनिटांनी सौदे थांबले, चेन्नईत पर्यायी केंद्र असूनही कारभार तिकडे गेला नाही, आणि सौदे पुन्हा सुरू झाले ते पावणेचारला. एकीकडे घाई नडली, दुसरीकडे थांबणं. या दोन टोकांच्या मधला बरोबर आकडा नेटवर्क आधी सांगत नाही. म्हणून शेअर बाजारांची नियामक असलेल्या सेबीने पुढच्याच महिन्यात काढलेला नियम मला शहाणपणाचा वाटतो: ३० मिनिटांत बिघाडाला आपत्ती म्हणून जाहीर करा, तिथून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्र चालू करा. खरं काय घडलं ते कळेपर्यंत थांबायची सवलत त्यात ठेवलेली नाही.

यंत्र मेल्याचा संशय चुकीचा असू शकतो हे धरूनच बांधणी करायची, हा आमच्या विषयातला खरा मोठा शोध. तुषार चंद्रा आणि सॅम तुएग यांनी १९९६ साली दाखवलं की बहुसंख्य यंत्रं चालू असतील, तर वारंवार चुकणारा संशयही एकमताला पुरतो. बंद पडलेल्या प्रत्येक यंत्राचा कधीतरी कायमचा संशय आला पाहिजे, आणि निदान एका चांगल्या यंत्रावरचा संशय कधीतरी कायमचा थांबला पाहिजे, एवढीच अट. त्याला जोड वाढत्या क्रमांकाची: प्रत्येक नवा लीडर, म्हणजे बाकीच्यांना हुकूम देणारं यंत्र, आधीच्यापेक्षा मोठा क्रमांक घेतो, आणि मेलेला समजलेला जुना लीडर परत येऊन हुकूम सोडू लागला, तर क्रमांक जुना म्हणून त्याचं कोणी ऐकत नाही. पुण्याच्या उन्मेष जोशींनी ‘पॅटर्न्स ऑफ डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स’ या २०२३च्या पुस्तकात ही युक्ती सुटी करून कोडसकट समजावली आहे. तयार सेवा भाड्याने घेऊन आतलं काही न पाहणाऱ्या पिढीने ते वाचायलाच हवं. क्लाउड विकणारे ९९.९९९ टक्क्यांची भाषा करतात, म्हणजे वर्षाकाठी जेमतेम सव्वापाच मिनिटं बंद. ती मिनिटं मोजतात त्यांच्या दारात. किनाऱ्यावरचा टॉवर मुका असतानाचे तास त्या बेरजेत धरलेले नसतात.

आणि इथेच मला माझ्या विषयाचं उणं दिसतं. संपर्क तुटून यंत्रांच्या दोन बाजू पडल्या, तर बहुमत ज्या बाजूला, ती चालणार. अल्पमतातली बाजू ‘थांबते’, असं आम्ही शोधनिबंधात एका ओळीत उरकतो. तोंडवली प्रत्येक वादळात अल्पमतातच असणार, कारण बँकेचे सर्व्हर तिथे नाहीत. दुकानदार आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे, दोघांच्या फोनमध्ये चार्जिंग, खात्यात पैसे, आणि तरी पाच किलो तांदळाचा व्यवहार अडतो. त्या दुकानात बिघाड झालेला नसतो. आमचा नियमच त्याला थांबायला सांगतो. आक्षेप रास्त आहे की तुटलेल्या बाजूला मोकळीक दिली तर तेच पैसे दोनदा खर्च होतील. होऊ शकतील. पण किती? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२मध्ये ऑफलाइन पेमेंटला परवानगी देताना याच प्रश्नाला आकड्यात उत्तर दिलं: एका वेळी २०० रुपये, एकूण २०००, आणि शिल्लक पुन्हा भरायची तर संपर्कात यायचं. ऑगस्ट २०२३मध्ये २००चे ५०० झाले. चुकीची शक्यता शून्यावर आणण्याचा हट्ट सोडून, किती चूक परवडेल ते आधी ठरवणं हे मला अनेक सुबक सिद्धतांपेक्षा पुढचं पाऊल वाटतं.

या विषयात नव्याने येणाऱ्यांना आणि निबंध तपासणाऱ्यांना माझी विनंती आहे. बहुमताच्या बाजूचा वेग जरूर छापा, पण त्याच तक्त्यात एक रकाना तुटलेल्या बाजूसाठी ठेवा: संपर्क नसताना तिथल्या माणसाला काय काय करता आलं, किती रुपयांपर्यंत आणि किती तास.