चार शिंगांचा राऊटर

निपाणीच्या आमच्या घरात टेलिफोन सोप्यात, वडिलांच्या तसबिरीखाली असे आणि त्याच्या शेजारी मोडेम. तांब्याच्या तारेवरून येणारे ते इंटरनेट आम्हाला वर्षानुवर्षे पुरले. पत्रे पाहावीत, वर्तमानपत्र वाचावे, पुण्याच्या मुलाशी रविवारी चार शब्द बोलावेत. मास्तराला आणखी काय लागते? वळीव गडगडू लागला की आमची सौ. आधी मोडेमची तार उपसायची, मग अंगणातले वाळवण गोळा करायची. विजेने आमचे दोन मोडेम नेले होते, तेव्हा तिचा क्रम चुकीचा म्हणवत नाही.

2020 च्या जूनमध्ये या व्यवस्थेची परीक्षा झाली. शाळा बंद, कोगनोळीच्या नाक्यावर अडसर. आमच्याकडे कागल तालुक्यातल्या गावांतूनही मुले येतात. राज्याची हद्द त्यांना एरवी फक्त बसच्या रंगावरून कळायची. 1956 पासून या रेषेवर आमच्या भागात किती भाषणे झाली. पण त्या साली ती दहावीच्या पोरांच्या वाटेत खरोखरच आडवी पडली. मी घरून मराठीचे तास सुरू केले.

पलीकडच्या गावातली एक मुलगी रेंजसाठी बापाचा फोन घेऊन बांधावरच्या चिंचेखाली बसायची. कविता शिकवत होतो, तर म्हणाली, "सर, तुमचं ओठ हलत्यात, आवाज येत न्हाई." तिचे बोलणे मला लख्ख ऐकू येत होते. कवितेचा तास, आणि मास्तर मुका!

दोष डब्याचाच, असे मी ठरवले. कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. पण नाका आडवा, म्हणून बेळगाव गाठले. खडेबाजारातल्या दुकानदाराने सरळ विचारले, "मोडेम बेको, राऊटर बेको?" मी म्हटले, "दोन्ही एकच की हो!" आणि चार शिंगांचा सर्वांत ऐटबाज राऊटर घेऊन आलो.

घरी टेलिफोनची पिन त्याच्या एकाही भोकात बसेना. शेवटी एका माजी विद्यार्थ्याला बोलावले. तोंडाला मास्क लावून, उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने आपल्या गुरुजींचा तास घेतला. "सर, मोडेम म्हणजे आपल्याकडचा दुभाषी. तारेची बोली त्यालाच कळते. राऊटर म्हणजे पोस्टमन. आलेलं टपाल घरात ज्याचं त्याला पोचवणार. जुन्या डब्यात दोघं एकत्र नांदत होते. तुम्ही नुसता पोस्टमन आणलाय."

"मग जुन्याला काय धाड भरली?"

"काही नाही. या लाईनीत येणारा रस्ता रुंद आणि जाणारा बोळ. शिवाय टेलिफोन एक्स्चेंज लांब असलं की तांब्यावर वेग आणखी पडतो. डबा बदलून बोळ रुंद होत नाही."

मी मोजून पाहिले. येताना चार एमबीपीएस, जाताना जेमतेम अर्धा. घरातला माणूस पाहील, वाचील, ऐकेल. त्याला बोलायचे ते थोडेच, या हिशेबाने ती लाईन आखलेली. मास्तराचा धंदा नेमका उलटा, हे कोणाच्या ध्यानात यावे?

तेवढे महिने मी कविता म्हणून, आवाज मुद्रित करून फोनवर पाठवत राहिलो. रात्री बोळात गर्दी कमी. ती पोर वहीची छायाचित्रे पाठवी. पण तिच्या चुकीपाशी तिला तिथल्या तिथे थांबवता येत नव्हते, ही बोच राहिलीच.

दिवाळीनंतर फायबर आमच्या गल्लीत आले. काचेचा तंतू, त्यातून प्रकाश धावणार. वळवाची विजेची लाट त्यातून शिरत नाही म्हटल्यावर सौ.चा होकार लगेच मिळाला. त्यांनी स्वतःचा दुभाषी भिंतीवर ठोकला. जुना मोडेम एका क्षणात निकामी, आणि महिनोन् महिने कपाटावर धूळ खाणारी माझी चूक मात्र त्या डब्याला चपखल जोडली गेली! फक्त दोन-दोन हात रुंदीच्या आमच्या भिंती पाहून जोडणारा पोरगा थबकला. "ग्वाडी भाळ दप्प ऐत्री, सर." 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपाशी दमते, 2.4 ची सावकाश, पण आरपार जाते. आम्ही शिंगे मधल्या दारावर बसवली.

दुसऱ्या दिवशी तास सुरू केला. पहिले कडवे संपवून विचारले, "ऐकू येतंय का गं?"

"येतंय की सर. काकूंच्या कुकरच्या शिट्ट्याबी येत्यात."