पहिले विमान

१/ युद्धाच्या गोष्टी ऐकायला गेले होते, ऐकून आले ती शिकाऊ विमानांची कहाणी. डहाणू रोडच्या एका चिकूच्या वाडीत वायुदलातील दोन निवृत्त वैमानिक दुपारभर बोलत होते आणि माझ्या प्रबंधाची दिशा नकळत बदलत होती. हा धागा त्या दुपारीविषयी.

२/ थोरले काका उडायला शिकले एच.टी.-२ या विमानावर, धाकटे काका ‘दीपक’वर. निवृत्तीनंतरही धाकटे थोरल्यांना ‘सर’ असेच संबोधतात. मी १९७१ विषयी दोन पाने प्रश्न नेले होते. थोरल्यांनी ते दहा मिनिटांत आटोपले. मग धाकट्यांनी सहज विचारले, “सर, तुमचा पहिला सोलो?” आणि चहा निवून गेला.

३/ सोलो म्हणजे एकट्याने केलेले उड्डाण. प्रशिक्षक उतरतो, रिकाम्या खुर्चीचे पट्टे आवळून बांधतो आणि मागे न पाहता चालू लागतो. एका माणसाचे ओझे कमी झाल्याने विमान नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडते. थोरले म्हणाले, “त्या क्षणी उमगते, की आता आपल्यावर ओरडणारे कोणीच नाही.”

४/ या एच.टी.-२ मागे मोठा इतिहास आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला. १९४१ मध्ये तेथे जुळवलेले पहिले विमान, अमेरिकन हार्लो, हेही प्रशिक्षणाचेच होते. पुढे ऑगस्ट १९५१ मध्ये एच.टी.-२ आकाशात झेपावले. आराखडाही भारतातला आणि उत्पादनही भारतातले, असे हे पहिले विमान.

५/ त्याचे रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे. आधुनिक वायुगतिशास्त्राचे प्रवर्तक लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली ते जर्मनीत गटिंगेन येथे शिकले होते. १९६४ मध्ये प्रथम उडालेले ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण-विमानही त्यांच्याच नेतृत्वाखाली घडले. त्यात गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसतात. “शिष्याचा हात कापतोय का, ते दिसते,” धाकटे हसून म्हणाले.

६/ मग गोष्ट फॉर्मेशनवर, म्हणजे रचनाबद्ध उड्डाणावर आली. खालून पाहणाऱ्याला विमाने एकमेकांना बांधल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात विंगमन सतत थ्रॉटल किंचित पुढे, किंचित मागे करत असतो. लीडरच्या विमानावरील दोन ठरावीक खुणा एका रेषेत ठेवणे, हेच त्याचे काम. तो जमिनीकडे पाहत नाही, क्षितिजाकडेही नाही. त्याचे क्षितिज म्हणजे लीडर.

७/ या विश्वासाची किंमत किती असू शकते? १८ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्यात ‘थंडरबर्ड्स’ पथकाची चार टी-३८ विमाने सरावात कोलांटी घेत असताना जवळजवळ एकाच वेळी जमिनीवर आदळली. बिघाड एकट्या लीडरच्या विमानात होता. उरलेले तिघे, शिकवले होते तसे, त्याच्याकडेच पाहत होते. टी-३८ हेही मुळात प्रशिक्षण-विमानच.

८/ आपल्याकडे १९९६ मध्ये बीदरला ‘सूर्यकिरण’ पथक उभे राहिले, तेही घाटग्यांच्या ‘किरण’ विमानांवर. पुढे नऊ विमाने एकत्र उडू लागली. २०११ मध्ये पथक थांबले आणि २०१५ मध्ये ‘हॉक’ विमानांवर पुन्हा सुरू झाले. हॉकही प्रशिक्षणाचेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळुरूच्या सरावात त्यांतील दोन विमानांची टक्कर होऊन एक वैमानिक गेला.

९/ ‘दीपक’चे नाव निघताच धाकटे काका काही वेळ गप्प झाले. एकच इंजिन, आणि ते हवेत बंद पडण्याची भीती. या विमानाच्या सेवाकाळात १७ अपघात झाले, १९ वैमानिक दगावले. जुलै २००९ मधील अपघातात दोन प्रशिक्षक गेले आणि त्यानंतर ‘दीपक’ कायमचे जमिनीवर आले. काका एवढेच म्हणाले, “आमच्या कोर्सच्या फोटोत सगळे हसताहेत.” थोरल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी रेकॉर्डर बंद केला.

१०/ इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला तेव्हा जाणवले, की आपण वायुदलाचा इतिहास युद्धांच्या सालांनुसार मांडतो: १९६५, १९७१, १९९९. प्रशिक्षणात गेलेल्यांना त्यात कोणते साल द्यायचे? ते कोणत्याही विजयाच्या प्रकरणात बसत नाहीत. तरीही ते शिकत होते, शिकवत होते, म्हणून पुढची प्रकरणे लिहिता आली.

११/ निघताना पश्चिम रेल्वेची गाडी गाठायची होती. थोरले काका फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, “लढाऊ विमाने पुष्कळ उडवली, बेटा. स्वप्नात मात्र एच.टी.-२ च येते.”

१२/ तुमच्या घरी, शेजारी असा कोणी वैमानिक असेल, तर युद्धाआधी एक प्रश्न विचारा: पहिले विमान कोणते? आणि उत्तर लिहून ठेवा.