झरी जामणीतून पर्यावरणाची पदवी

बारावी सायन्सचा निकाल लागला की झरी जामणी तालुक्यात चर्चा ठरलेली असते. नीटचे गुण बरे पडले तर बीएएमएस, नाहीतर नर्सिंग. मुलगा धावायला चपळ असेल तर पोलीस भरती. यांतलं काहीच जमलं नाही तर वणीला किंवा पांढरकवड्याला बीएस्सी. त्या बीएस्सीत विषय कोणते घ्यायचे, हे बहुधा प्रवेशाच्या खिडकीसमोर उभं राहून ठरतं. पर्यावरणशास्त्राचं नाव अशा वेळी फारसं कुणाच्या तोंडी येत नाही. आलंच तर घरचे विचारतात, "त्यात पुढं काय?" प्रश्न रास्त आहे. हा विषय शिकवणारे आम्ही लोक त्याचं उत्तर एकतर टाळतो किंवा फार गोड करून सांगतो.

विषयाची पत घसरण्यामागं एक सरळ कारण आहे. सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचा निर्देश दिला. पुढं विद्यापीठ अनुदान आयोगानं सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा सामायिक अभ्यासक्रम आणला आणि पुण्याचे डॉ. इराक भरुचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिलं. पुस्तक चांगलं होतं, पण महाविद्यालयांनी त्याची जी गत केली ती सगळ्यांनी पाहिली आहे. प्रकल्पवह्या एकमेकांच्या बघून उतरवल्या गेल्या, ओझोनचं चित्र काढून रंगवलं गेलं, आणि बीकॉमपासून बीएपर्यंत प्रत्येक पदवीधर पर्यावरणात उत्तीर्ण झाला. एवढ्या सहज सुटणाऱ्या पेपरात कुणी तीन-चार वर्षं घालवावीत, असं कुठल्या आईबापांना वाटेल?

म्हणून पदवीचा बेत करताना आधी दारं तपासावीत. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बसायचं तर पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, भूगर्भशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुसंवर्धन यांपैकी किमान एक विषय असावा लागतो. नाहीतर पदवी कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची हवी. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. जंगलाच्या ओढीनं पर्यावरणाची पदवी घेतलेल्यांना हे कधीकधी अर्ज भरताना कळतं. उलट विद्यापीठात शिकवण्यासाठी लागणाऱ्या नेटमध्ये पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे आणि गेट परीक्षेतही 2021 पासून त्याचा स्वतंत्र पेपर आहे. अर्थ उघड आहे. मुख्य विषय पर्यावरण असला तरी जोडीचा विषय रसायन, भूगर्भशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र असाच घ्यावा. माझं मत विचाराल तर झरी जामणीच्या मुलीनं डोळे मिटून रसायन घ्यावं, आणि महाविद्यालयात भूगर्भशास्त्र मिळत असेल तर डोळे उघडून तेही बघावं.

भूगर्भशास्त्राचा आग्रह का, हे तालुक्याची माती सांगते. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे तेलंगणातला आदिलाबाद, अशी ही जागा. काही भागात दख्खनचा काळा बसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शिबला-पार्डी परिसरात याच बसाल्टचे षटकोनी खांब उघडे पडले आणि चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांच्यामुळं त्यांची बातमी झाली. मुकुटबनकडं गेलं की त्याहून कितीतरी जुनी चुनखडी लागते. मार्की-मांगली भागात गोंडवाना काळातला कोळसा आहे. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयाला एवढे खडक दाखवायचे तर सहलीची बस करावी लागते.

खडकाचा संबंध थेट पिण्याच्या पाण्याशी येतो. यवतमाळ जिल्ह्याच्या या पट्ट्यातल्या भूजलात फ्लोराइड आहे. पांढरकवडा भागातल्या पाण्याचा अभ्यास 2007 साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापून आला. फ्लोराइड कारखान्यातून येत नाही, ते खडकातल्या खनिजांतून झिरपतं. पाणी अल्कधर्मी असेल आणि त्यात कॅल्शियम कमी असेल तर ते अधिक विरघळतं, आणि पाणी खडकाच्या सहवासात जितका काळ राहील तितकं वाढत जातं. त्यामुळं उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरचं पाणी अनेकदा अधिक फ्लोराइडचं निघतं. भारतीय मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅम ही योग्य मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेता येतं. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात, पुढं सांधे आणि पाठीचा कणा ताठरतो. विहीर उघडी आणि गढूळ म्हणून तिच्याकडं पाठ फिरवली, हातपंप स्वच्छ म्हणून जवळ केला. आजारानं मात्र स्वच्छ दिसणारं पाणी निवडलं.

या एका प्रश्नात पदवीचं अर्धं रसायन शिकवून होतं. पहिल्या वर्षी नमुना कसा घ्यायचा, बाटली काचेची का चालत नाही (फ्लोराइडची काचेशी क्रिया होऊ शकते, म्हणून प्लास्टिकची घ्यावी), पीएच आणि कठीणपणा कसा मोजायचा. दुसऱ्या वर्षी स्पॅडन्स पद्धतीनं रंगावरून किंवा इलेक्ट्रोडनं फ्लोराइड मोजणं. तिसऱ्या वर्षी उपाय. नागपूरच्या नीरीनं, म्हणजे 1958 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेनं, तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत विकसित केली. तेलंगणातल्या नलगोंडाचं नाव तिला मिळालं. पद्धत साधी आहे, पण मात्रा पाण्यागणिक बदलते, रोज कुणीतरी ती नीट घालावी लागते आणि तळाला बसलेल्या गाळाचं काय करायचं हा प्रश्न उरतो. अशी संयंत्रं गावात बसतात आणि काही महिन्यांत बंद का पडतात, याचं उत्तर रसायनात कमी आणि ग्रामपंचायतीच्या बैठकीत जास्त सापडतं. तिथं समाजशास्त्राचा पेपर सुरू होतो.

मुकुटबनचा सिमेंट कारखाना हा दुसरा धडा. बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा हा प्रकल्प 2022 साली सुरू झाला. वार्षिक क्षमता 39 लाख टन. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते आणि 56 किलो चुना उरतो. हे अकरावीचं गणित आहे. सिमेंटचं प्रदूषण कोळसा जाळल्यामुळंच होतं असं मानणाऱ्या विद्यार्थ्याला या एका समीकरणातून कळतं, की भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी दगडातला वायू निघणारच.

पण या कारखान्याकडून शिकायची मोठी गोष्ट कागदावरची आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाला अहवाल करावा लागतो. त्याचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि किमान तीस दिवसांची सूचना देऊन जनसुनावणी घ्यावी लागते. हे अहवाल हजारो पानांचे असतात. हवा, पाणी, माती यांच्या मूळ स्थितीची मोजणी पावसाळा सोडून एका हंगामात केली तरी बहुधा चालते. पर्यावरणाच्या पदवीधराला नोकरी देणारं एक मोठं क्षेत्र हेच, असे अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्थांचं. या संस्थांना नॅबेटची मान्यता लागते, आणि तिथं पहिल्या दिवसापासून काम करणारा माणूस म्हणजे ज्याला नमुना घेता येतो, नकाशा काढता येतो आणि इंग्रजीत चार पानं नीट लिहिता येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला शेवटची अट जड जाते. म्हणून तिनं पहिल्या वर्षापासून दर आठवड्याला अशा अहवालाची दोन पानं वाचून त्यांचा मराठीत सारांश लिहावा. बसून भाषांतर शिकण्यापेक्षा हे बरं, कारण सुनावणीच्या मांडवात गावकऱ्यांना तोच सारांश हवा असतो. कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची मुलगी असेल तर तिच्याकडं आणखी एक भाषा आहे. ती कुठल्याही सल्लागार संस्थेकडं नाही.

वाघाबद्दल थोडक्यात सांगितलेलं बरं, त्याच्यावर बोलायला सगळेच तयार असतात. टिपेश्वर अभयारण्य 148 चौरस किलोमीटरचं, तिथले वाघ बाहेर पडून शेजारच्या तालुक्यांत येतात. 2019 च्या जूनमध्ये टिपेश्वरहून निघालेला एक तरुण नर महाराष्ट्र आणि तेलंगणातून सुमारे तीन हजार किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. गळ्यातल्या पट्ट्यानं त्याच्या पाच हजारांहून जास्त ठिकाणांच्या नोंदी ठेवल्या. दुसऱ्या टोकाला 2021 च्या एप्रिलमध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात गाभण वाघीण मारली गेली आणि तिचे पंजे कापून नेले गेले. या दोन घटना एका नकाशावर मांडता येणं म्हणजे जीआयएस शिकणं. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जुन्या संगणकावर चालतं, आणि नोकरीच्या जाहिरातींत त्याला मागणी आहे.

कापूस मात्र थोडक्यात आटपता येत नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो जण रुग्णालयात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती, फवारा डोक्यावरून अंगावर येत होता, बोंडअळीच्या धास्तीनं औषधं एकमेकांत मिसळली जात होती. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट औषधं शरीरातल्या कोलिनेस्टरेज या विकराला अडवतात. रक्तात त्याची पातळी तपासली तर बाधा किती खोल आहे ते कळतं. पर्यावरणाच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असायलाच हवं, कारण या तालुक्यात प्रदूषणाचा सर्वांत थेट बळी धुराड्याखाली सापडत नाही, तो वावरात पंप पाठीला बांधून उभा असतो. आणि तरीही छापील अभ्यासक्रमांत वायुप्रदूषणाचं प्रकरण शहरातल्या वाहनांपासून सुरू होतं. हे मला फार खटकतं.

जंगलाचा हक्क हाही अभ्यासाचाच भाग. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गावाला सामूहिक हक्क दिला. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं तो 2009 साली मिळवला. तिथं देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावाचा अभ्यासगट चालवला. गावानं आपलं जंगल स्वतः मोजायचं, वाचायचं, त्यावर बोलायचं, मग निर्णय घ्यायचा, अशी त्याची रीत. हक्क मिळालेल्या प्रत्येक ग्रामसभेला व्यवस्थापनाचा आराखडा लागतो. झाडांची मोजणी, बांबूची वाढ, मोह-तेंदूचा हिशेब हे काम तिसऱ्या वर्षाची मुलं करू शकतात.

त्यासाठी जागा आता अभ्यासक्रमातच आहे. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176. त्यांत मुख्य आणि जोड विषयांखेरीज क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांचे वेगळे रकाने आहेत. ही क्रेडिट बहुतेक ठिकाणी वृक्षारोपणाच्या छायाचित्रांवर खर्च होतात. तीच सलग चार सत्रं एका गावाच्या पाण्यावर लावली तर हाती खरी आकडेवारी येते. सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं आणि पुढचं एमएस्सी एका वर्षात होतं. पैशाची ओढाताण असलेल्या घराला हे वर्ष परवडेल का, याचा विचार दुसऱ्याच वर्षी करून ठेवावा.

महाविद्यालय निवडताना फार पर्याय नाहीत. वणीचं लोकमान्य टिळक महाविद्यालय जवळचं. तालुका संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. चंद्रपूरच्या सरदार पटेल महाविद्यालयात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, ते गोंडवाना विद्यापीठाशी जोडलेलं. पुण्याचं फर्ग्युसन दूर आणि खर्चाचं. नावापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात: प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रोफोटोमीटर चालू आहे का, आणि शिक्षक मुलांना वर्षातून किती वेळा बाहेर नेतात.

एक अडचण मात्र प्रत्येक महाविद्यालयात सारखी. शैक्षणिक वर्ष जून-जुलैत सुरू होतं आणि एप्रिल-मेमध्ये परीक्षांत संपतं. मोह मार्च-एप्रिलात वेचला जातो, तेंदूपत्ता मेमध्ये तोडला जातो, भूजलाचा पावसाळ्यापूर्वीचा नमुना मेमध्येच घ्यावा लागतो आणि फवारणीचा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर असतो, जेव्हा मुलं सत्र परीक्षेच्या तयारीत असतात. पाण्यापुरता तरी यावर एक तोडगा निघतो. पहिल्या वर्षाची परीक्षा संपताच मेमध्ये, सुट्टी लागण्याआधी, आपल्याच गावातले हातपंप आणि विहिरी ठरवून क्रमांक द्यावेत, नमुने भरून घ्यावेत. त्याच जागांचे पावसाळ्यानंतरचे नमुने दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत घ्यावेत. मेच्या नमुन्यांची तपासणी मात्र तोवर न लांबवता काही आठवड्यांतच उरकून टाकावी.