शुक्रवारची गोळी

‘प्रतिकारशक्ती कमी करायला कुणी मुद्दाम औषध घेतं का गं?’ आत्याने फोनवर विचारलेला हा प्रश्न मला अजून पुरता खोडून काढता आलेला नाही. करोनाच्या साथीत आमच्या कोपरखैरण्यात घरोघरी काढे उकळले होते, सोसायटीच्या गेटवर आर्सेनिक अल्बमच्या गोळ्या वाटल्या गेल्या होत्या. सगळं जग प्रतिकारशक्ती वाढवायच्या मागे, आणि वाशीच्या डॉक्टरबाई मला शांतपणे सांगत होत्या, ‘तुमची जरा जास्तच कामाला लागलीय. चोर सोडून घरच्यांनाच मारतेय. तिला आवरायला हवं.’

मार बसत होता तो बोटांना. बेलापूरच्या कोकण भवनात मी नोकरी करते. फाईलची नाडी बांधता येईना तेव्हा शेजारच्या टेबलावरचे शिपाईमामा न सांगता बांधून द्यायला लागले. पनवेल लोकलमध्ये वरची कडी धरवत नव्हती, म्हणून मी दारापासून आत सरकून दोन बायकांच्या मध्ये उभी राहायची. गर्दीच मला धरून ठेवायची. दुपारी बोटं थोडी सैल व्हायची आणि मला वाटायचं, बरं आहे की. दुसऱ्या दिवशी सकाळी टूथब्रश पुन्हा मुठीत धरायचा. रक्तात अँटी-सीसीपी भरपूर निघालं आणि दुखण्याला नाव मिळालं: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे घरच्या भाषेत आमवात.

वेदनाशामकावर भागत असेल तर तेच चालू ठेवू, असा माझा सूर होता. डॉक्टरबाईंनी हाताचा एक्स-रे उजेडात धरला आणि मधल्या बोटाच्या मुळाशी पेनाचं टोक टेकवलं. हाडाच्या कडेला एक बारीक खाच होती. ‘हे पुन्हा भरून येत नाही. त्या गोळीने दुखणं झाकतं, कुरतडणं थांबत नाही.’ माझा निर्णय तिथेच झाला. पुढचे दिवस गेले ते इतरांची समजूत घालण्यात, आणि थोडी माझीही.

औषधाआधी तपासण्यांची रांग लागली. छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी, कारण आपल्याकडे हे जंतू वर्षानुवर्षं अंगात निजून असू शकतात आणि पहारा सैल झाला की उठतात. कावीळ ब आणि क, यकृत, मूत्रपिंड. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी आधीच टोचून घेतल्या. जिवंत जंतूंच्या लशी आता वर्ज्य. मग डॉक्टरबाईंनी फॉर्मवरून मान न उचलता विचारलं, ‘आणखी मूल हवंय का? या औषधावर असताना दिवस राहिलेले चालत नाहीत.’ मुलगी बारावीला, मी पंचेचाळिशीच्या पुढे. मी हसून नाही म्हणाले. रिक्षात बसल्यावर मात्र उगीचच रडू आलं. का, ते मला सांगता येणार नाही.

मेथोट्रेक्सेट हे नाव भाच्याने फोनवर शोधलं आणि पाच मिनिटांत घरभर झालं: हे तर कॅन्सरचं औषध! खरंच आहे ते. 1948 साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन देऊन पाहिलं. ते औषध आणि त्याचं हे धाकटं भावंड, दोन्ही अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाली. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. पेशींना वाढायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं आणि ही औषधं त्याचीच वाट अडवतात. सांध्यांच्या या दुखण्यासाठी अमेरिकेत रीतसर मान्यता मिळायला 1988 उजाडलं. इथे मात्रा कॅन्सरच्या मानाने अगदी थोडी, आणि तीही आठवड्यातून एकदाच. डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ याभोवती गोल काढला, मग दुसरा गोल काढला. हीच गोळी चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावलेली आहेत.

एकदा मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. आधी वाट अडवायची, मग शरीराला थोडी भरपाई द्यायची. या भरपाईच्या गोळीची कथा मला मूळ औषधाहून जास्त आवडते. 1928 साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त इतकं का आटतं, ते तिला शोधायचं होतं. हाफकिन संस्थेत काम करताना तिला आढळलं की यीस्टच्या अर्काने, साहेब पावाला लावतो त्या मार्माइटने, या बायका सुधारतात. 1931 मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक अ‍ॅसिड. माझी पणजी त्याच सुमाराला परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिची बाळंतपणं कशी झाली, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

वार कुठला निवडायचा? गोळीनंतरचा दिवस मळमळीचा जाऊ शकतो. सरकारी कचेऱ्यांना 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा, म्हणून शुक्रवारची रात्र ठरली. सासूबाई म्हणाल्या, ‘शुक्रवार बरा. देवीचा वार आहे.’ त्यांची परवानगी एवढ्यावर मिळाली. त्यांना धास्ती होती ती सोबतच्या छोट्या स्टिरॉइडच्या गोळीची. मेथोट्रेक्सेटला गुण दाखवायला कित्येक आठवडे लागतात, तोवर ही सांभाळून नेते, हे त्यांना पटवता पटवता नाकी नऊ आले.

आत्या मात्र गुळवेलीचा काढा घेऊन ठाण्याहून स्वतः आली. घरच्या वेलीचा, प्रेमाने उकळलेला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती; आयुष मंत्रालयाने ती साफ फेटाळली. त्या वादात पडायची माझी लायकी नाही. पण ज्या प्रतिकारशक्तीला एका हाताने आवरायचं तिलाच दुसऱ्या हाताने डिवचायचं, आणि यकृत मध्ये भरडायचं, हे मला झेपणारं नव्हतं. मी तसं सांगितलं. आत्या रुसली, काढा सासूबाईंनी प्याला.

शनिवार खरंच वाईट जायचे. तोंडाला चव नाही, आमटीच्या फोडणीचा वास नको, डोकं जड. पुढे पुढे तर पिवळी गोळी हातावर घेतानाच पोटात ढवळायला लागलं. फॉलिक अ‍ॅसिडही पिवळसरच असल्यामुळे मुलीने दोन वेगळे डबे केले आणि एकावर लाल पेनाने ‘शुक्र’ लिहिलं. स्टेशनबाहेरची पाणीपुरी सुटली, पावसात तुंबलेल्या पाण्यातून चालणं सुटलं, शेजारी कुणी खोकलं की मी मास्क चढवते. याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते रक्त तपासायच्या आठवड्याचं. एकदा यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी वर गेलं, गोळी थांबवावी लागली, आणि थांबवल्यावर बोटं पुन्हा कुरकुरायला लागली तेव्हा कळलं की औषध काहीतरी करत होतं. पुन्हा सुरू झालं ते कमी मात्रेने, मग हळूहळू वर.

आता नाडी मी बांधते. शिपाईमामा अजून सवयीने हात पुढे करतात. स्टिरॉइड सुटलं. मेथोट्रेक्सेट कधी सुटेल, असं विचारलं तर डॉक्टरबाई ‘कमी करायचं पुढे बघू’ म्हणतात. ‘बंद’ हा शब्द त्या वापरत नाहीत. पुढच्या शनिवारी कोल्हापूरला भाचीचं लग्न आहे आणि मळमळत्या पोटाने पंगतीत बसायचं नाही, म्हणून दवाखान्यात फोन केला. एकदोन दिवस पुढे ढकललं तरी चालेल, फक्त राहिली म्हणून नंतर दोन एकदम घेऊ नका, असं उत्तर आलं. मुलीने डब्यावर चिठ्ठी लावली आहे: या वेळी रविवार, जेवणानंतर. सासूबाईंनी ती वाचली आणि विचारलं, ‘रविवार कुणाचा वार?’