ठासणीच्या बंदुकीची चौकशी

कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, परंतु अष्टागरातील वाडीवाल्यास वानरांचा जाच पूर्वी होता तसाच राहिला. आमच्या घरची ठासणीची बंदूक एवढ्याचसाठी होती. आम्ही हवेत बार काढावा आणि वानरांनी माडावरून आमच्याकडे दयेने पाहावे, असा तो क्रम असे!

असल्या हत्यारास परवाना कशाला, असे कोणी म्हणेल. १८७८ चा कायदा परक्या सरकारने प्रजेच्या धास्तीने केला व युरोपियनांस त्यातून बराच काळ सूट दिली, तेव्हा या प्रश्नास धार होती. १९५९ चा कायदा आपल्याच संसदेचा. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याशी तो सौम्यपणे वागतो. तथापि जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवितोच. वडील वारल्यावर बंदूक ठाण्यात जमा करून आम्ही आपल्या नावे अर्ज केला, तेव्हा हवालदार नेमका ज्या शेजाऱ्याशी आमचा बांधावरून जुना तंटा, त्याच्याकडे गेला. “दारू नाही, मारहाण नाही,” असे सांगून तो गृहस्थ पुढे म्हणाला, “आणि नेम तर मुळीच नाही.”

अमेरिकेत ही सोय नाही. तेथे १९९३ च्या ब्रेडी कायद्यान्वये, १९९८ पासून, दुकानदार गिऱ्हाइकाचे नाव मध्यवर्ती दप्तराशी ताडून पाहतो. उत्तर बहुधा काही मिनिटांत येते. दप्तरास शिक्षा ठाऊक असतात, संताप ठाऊक नसतो. शिवाय बंदुकांचा धंदा न करणाऱ्या खाजगी माणसाकडून खरेदी केली, तर केंद्राचा कायदा एवढेही विचारीत नाही.

त्याच १९९३ च्या फेब्रुवारीत आमच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीस, एके-५६ बंदुका व आरडीएक्स उतरले. १२ मार्च रोजी मुंबईत २५७ माणसे मेली. ज्यांनी तो माल अडवावयाचा, त्या सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काहीजण पुढे न्यायालयात दोषी ठरले. हे स्मरून पुष्कळ लोक म्हणतात की परवाना म्हणजे सज्जनांचा छळ होय. आम्हांस ते पटत नाही. शेखाडीचा माल परवान्याने अडला नसता, हे खरे. पण घरातील बंदूक घरच्याच माणसावरही रोखली जाते, आणि रोखणाऱ्याचा स्वभाव शेजाऱ्यास आधी कळतो. एका माणसास दोनांहून अधिक बंदुका नकोत, हे २०१९ च्या दुरुस्तीने ठरविले ते योग्यच. परंतु तिनेच परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, हे आम्हांस रुचले नाही. पाच वर्षांत माणूस दारूस लागतो, भावाभावांत वाटणीचा दावा उभा राहतो, आणि हवालदार तोवर शेजाऱ्याचे दार ठोठावीत नाही.